बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमपासून रसायनशास्त्र: आठवी ते दहावीच्या सोलापूरकर मुलांसाठी

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की पूर्व भाग, ज्या घरात बोअरचं पाणी वापरतात तिथल्या बादलीला आतून पांढरा, खरबरीत थर असतोच. नळाची तोटी, गिझरची कॉइल, आंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं, सगळीकडे तोच. घरात म्हणतात, ‘क्षार जमलाय.’ हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, थोडा मॅग्नेशियमचाही. शाळेतल्या रसायनशास्त्राचा फार मोठा भाग या एका पदार्थाचं बोट धरून शिकता येतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो तसाच शिकावा.

एरवी काय होतं? आठवीत अणूची व्याख्या पाठ, नववीत संज्ञांचा तक्ता पाठ, दहावीत समीकरणं पाठ. पाठांतराला आधार नसला की सहामाहीनंतर सगळं पुसलं जातं आणि मुलं म्हणतात, ‘केमिस्ट्री माझ्याच्याने होत नाही.’ होतं. मात्र धडे पुस्तकाच्या क्रमाने घोकण्याऐवजी एक मूलद्रव्य निवडायचं आणि ते जिथे जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जायचं. आपल्या गावासाठी ते मूलद्रव्य कॅल्शियम.

दोन गोष्टी आधी सांगतो. सेमीच्या मुलांना हेच शब्द इंग्रजीतून शिकवतात, म्हणून वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवा: संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, आम्लारी म्हणजे बेस, क्षपण म्हणजे रिडक्शन. आणि संज्ञा पुस्तकात रोमन अक्षरांत असतात. इथे त्या आपण तोंडाने म्हणतो तशा लिहिल्या आहेत. वहीत मात्र रोमनच लिहा आणि लहान-मोठ्या अक्षरांची शिस्त पाळा. सी आणि ओ दोन्ही मोठे काढले तर तो कार्बन मोनॉक्साइड, ओ लहान काढला तर तो कोबाल्ट धातू. पेपरात याचे मार्क जातात.

पायरी १ : मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण वेगळं ओळखा

आजवर ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. कॅल्शियम त्यांपैकी एक, संज्ञा सीए. शुद्ध कॅल्शियम हा चंदेरी धातू असतो आणि पाण्यात टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरतो. बादलीवरचा थर पांढरा आहे, पाण्यात सहज विरघळत नाही, त्याला धातूची चमक नाही. म्हणजे कॅल्शियम त्यात आहे, पण कॅल्शियमचा गुण त्यात उरलेला नाही. मूलद्रव्यांचा रासायनिक संयोग झाला की नवा पदार्थ तयार होतो आणि घटकांचे मूळ गुण जातात. हे संयुग.

शेंगाची चटणी हे मिश्रण. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ यांचं प्रमाण घरोघरी बदलतं, तरी तिला चटणीच म्हणतात, आणि त्यातला शेंगदाणा शेंगदाण्यासारखाच लागतो. कॅल्शियम कार्बोनेटला ही मोकळीक नाही. तुमच्या बादलीवरचा थर घ्या, शेतातला चुनखडीचा खडा घ्या किंवा अंड्याचं कवच घ्या, त्यातलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट वेगळं काढलं तर कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या वस्तुमानांचं प्रमाण ४० : १२ : ४८ असंच येणार. हा स्थिर प्रमाणाचा नियम. बोअरचं पाणी पुन्हा मिश्रणच, कारण पाणी या संयुगात किती क्षार विरघळलेत ते बोअरागणिक बदलतं.

एवढं पक्कं झालं की पुढे जा. या पायरीवर जास्त दिवस घालवू नका.

पायरी २ : कॅल्शियमच्या अणूत डोकवा

कॅल्शियमचा अणुअंक २०. म्हणजे केंद्रकात २० प्रोटॉन आणि बाहेर २० इलेक्ट्रॉन. ते कवचांत २, ८, ८, २ असे बसतात. शाळेत इलेक्ट्रॉन संरूपण सहसा पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरतंच विचारतात आणि कॅल्शियम बरोबर त्या रांगेच्या टोकाला आहे. त्याचं संरूपण नीट मांडता आलं तर आधीची १९ मांडणं अवघड नाही.

शेवटच्या कवचातले २ इलेक्ट्रॉन महत्त्वाचे. ते देऊन टाकले की बाहेरचं कवच ८ इलेक्ट्रॉनांचं होतं आणि अणू स्थिर होतो. दोन ऋण प्रभार गेले म्हणून उरलेल्यावर दोन धन प्रभार आले. हा कॅल्शियम आयन. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतो तो या रूपात, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही आणि कापडाने गाळून निघत नाही. तो तिथे येतो कुठून? आपलं सोलापूर दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर बसलं आहे. पाऊस मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो, किंचित आम्लधर्मी होतो आणि खडकातला व काळ्या मातीतल्या चुनखडीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातो. भूगोलाचा धडा आणि हा धडा इथे एक होतात.

आणखी तीन संरूपणं आताच काढा: सोडियम २, ८, १, क्लोरीन २, ८, ७, ऑक्सिजन २, ६. सोडियम एक देणार, क्लोरीन एक घेणार, ऑक्सिजन दोन घेणार. हाताने कवचं काढा, ठिपके मोजा. नुसतं वाचून हे बसत नाही.

पायरी ३ : संयुजा. इथे घाई करायची नाही

जी मुलं दहावीत समीकरणांपाशी अडतात, ती बहुतेक वेळा समीकरणांपाशी अडलेली नसतात. ती संयुजेपाशी अडलेली असतात. सूत्रच चुकीचं लिहिलं तर समीकरण संतुलित होणार कसं? म्हणून पालकांना आणि मुलांना कळकळीने सांगतो: बाकी सगळं थांबलं तरी चालेल, पण संयुजेला पुरेसे दिवस द्या.

अणू जितके इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो ती त्याची संयुजा. कॅल्शियमची २, सोडियमची १, क्लोरीनची १, ऑक्सिजनची २, ॲल्युमिनियमची ३. हे संरूपणावरून काढता येतं, पाठ करायची गरज नाही. पाठ करायचे आहेत ते मूलक, म्हणजे गटाने वावरणारे आयन: हायड्रॉक्साइड, नायट्रेट आणि बायकार्बोनेट यांची १, कार्बोनेट आणि सल्फेट यांची २, फॉस्फेटची ३, आणि धन बाजूला अमोनियमची १. सुरुवातीला एवढे पुरतात. लोह आणि तांबं या धातूंच्या संयुजा दोन-दोन असतात: लोहाची २ किंवा ३, तांब्याची १ किंवा २. त्या वेगळ्या लिहून ठेवा.

आता तिरकस गुणाकाराची पद्धत. धन आयन डावीकडे, ऋण आयन उजवीकडे, खाली ज्याची त्याची संयुजा, आणि मग आकडे तिरके ओलांडायचे. कॅल्शियम २, क्लोरीन १: सूत्र सीएसीएल२. कॅल्शियम २, हायड्रॉक्साइड १: इथे हायड्रॉक्साइड हा गट दोनदा घ्यायचा आहे, म्हणून कंस लागतो, सीए(ओएच)२. कंस विसरून सीएओएच२ लिहिलं तर त्याचा अर्थ एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असा होतो, म्हणजे पदार्थच बदलला. कॅल्शियम २, कार्बोनेट २: दोन्ही आकडे सारखे, दोनाने भागले, उरलं सीएसीओ३. हाच आपला बादलीवरचा थर. इथे मुलं हटकून विचारतात की मग खालचा ३ कुठून आला. तो संयुजेचा नाही. कार्बोनेट या मूलकात मुळातच एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन असतात. तो आकडा त्याच्या घरचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

सरावासाठी वहीचं एक पान घ्या. आडवे सहा ऋण आयन, उभे सहा धन आयन, मधल्या छत्तीस चौकोनांत सूत्रं भरा. तुरटीच्या कुळातलं ॲल्युमिनियम सल्फेट, एएल२(एसओ४)३, न अडखळता लिहिता आलं की समजा गाडी रुळावर आली. रोज एक पान, वेगवेगळे आयन घेऊन. आठवडाभरात फरक दिसतो, आणि तो मार्कांआधी चेहऱ्यावर दिसतो.

पायरी ४ : चुन्याची फेरी आणि समीकरणाचा तोल

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिचे दोन भाग होतात: कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड.

सीएसीओ३ → सीएओ + सीओ२

एकाचे दोन झाले, ही अपघटन अभिक्रिया. उष्णता शोषली, म्हणून उष्माग्राही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, वाफा निघतात, भांडं चटका बसण्याइतकं तापतं:

सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२

दोनाचं एक झालं, ही संयोग अभिक्रिया. उष्णता बाहेर पडली, म्हणून उष्मादायी. हा प्रयोग घरी करू नका. कळीचा चुना डोळ्यात उडाला तर कायमची इजा होते. शिक्षक करून दाखवतील. तिसरा टप्पा मात्र तुम्ही रोज बघता. हा विरलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन कडक बसतो.

सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ

जिथून निघालो तिथेच परत आलो. तीन समीकरणं, आणि एकही पाठ करावं लागलं नाही, कारण प्रत्येक पायरीला काय होतंय ते माहीत आहे.

वरची तिन्ही समीकरणं आपोआप संतुलित आहेत. सगळी तशी नसतात. थरावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं तर कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. सूत्रं लिहून मोजा: उजवीकडे क्लोरीन दोन, डावीकडे एक. अणू नव्याने जन्मत नाहीत आणि नाहीसे होत नाहीत. अभिक्रियेत एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हे फ्रान्सच्या लव्हाझिएने अठराव्या शतकात तराजू हातात घेऊन दाखवलं. म्हणून डावीकडे आम्लाचे दोन रेणू घ्यायचे:

सीएसीओ३ + २एचसीएल → सीएसीएल२ + एच२ओ + सीओ२

नियम एकच. सूत्राच्या पुढचा आकडा बदलायचा, सूत्राच्या आतला कधीच नाही. आतला बदलला तर पदार्थ बदलतो. एच२ओ चं एच२ओ२ केलं तर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. मोजण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवावा: आधी धातू, मग अधातू, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी.

पायरी ५ : एका ग्लासात दुष्फेन पाणी तयार करा

ज्या पाण्यात क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन पाणी. हा प्रयोग प्रत्येकाने करावा असा माझा आग्रह आहे. खर्च जवळपास नाही, आणि वरच्या चारही पायऱ्या यात एकत्र येतात. मोठं माणूस शेजारी असू द्या.

पानटपरीवर मिळणारा ओला चुना वाटाण्याएवढा घ्या, ग्लासभर आरओच्या पाण्यात ढवळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी न हलवता दुसऱ्या ग्लासात ओता. ही चुन्याची निवळी. पाणी आरओचंच का? बोअरच्या पाण्यात चुना टाकला तर ते तिथल्या तिथे गढुळतं. त्यात आधीच विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट चुन्याशी अभिक्रिया करून कार्बोनेटचा साका देतं. तोही प्रयोग करून बघा, पण वेगळ्या ग्लासात.

आता निवळीचे दोन भाग करा. पहिल्या भागात स्ट्रॉने हळूहळू फुंका. फुंकायचंच, ओढायचं नाही; ही निवळी तोंडात जाता कामा नये. थोड्या वेळात ती दुधासारखी होते. उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्याने चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट केलं, आणि ते पाण्यात विरघळत नाही म्हणून दिसायला लागलं. भिंत कडक होण्याचं समीकरण हेच.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. एक भाग निवळीत आठ-दहा भाग आरओचं पाणी घालून ती पातळ करा. फुंका. आधी ती पांढुरकी होईल. फुंकत राहा, दम घेत घेत. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि भावंडाला त्याची स्वतःची स्ट्रॉ द्या. बराच वेळ फुंकल्यावर पांढुरकेपणा हळूहळू विरतो आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागतं. पुस्तकात या ओळीवरून मुलं पुढे निघून जातात. इथे थांबा. काय झालं?

सीएसीओ३ + एच२ओ + सीओ२ → सीए(एचसीओ३)२

न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालं. जमिनीखाली पावसाचं पाणी चुनखडीतून जाताना अगदी हेच करतं. तुमच्या ग्लासात आत्ता बोअरच्या पाण्याची छोटी नक्कल तयार आहे. निवळी पातळ करायची ती यासाठीच: दाट निवळीतला सगळा कार्बोनेट विरघळवायला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, आणि मग मुलांना वाटतं पुस्तक चुकलं.

आता ते नितळ पाणी स्टीलच्या छोट्या पातेल्यात उकळा. पांढुरकेपणा परत येईल. उष्णतेने बायकार्बोनेट मोडलं, कार्बन डायऑक्साइड उडाला, कार्बोनेट खाली बसला. वरचं समीकरण उलटं झालं. गिझरच्या कॉइलवर थर का धरतो याचं उत्तर समोर आहे, कारण पाणी सगळ्यात जास्त तापतं ते तिथेच.

उकळून जाते ती तात्पुरती दुष्फेनता. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट, क्लोराइड असतील तर नुसत्या उकळण्याने जात नाहीत. ती कायमची दुष्फेनता. त्यासाठी धुण्याचा सोडा घालतात:

सीएएसओ४ + एनए२सीओ३ → सीएसीओ३ + एनए२एसओ४

दोन्ही संयुगांनी जोडीदार बदलले, ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. अंगाच्या साबणाचा फेस बोअरच्या पाण्यात का होत नाही? साबण हे मेदाम्लांचं सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि न विरघळणारा चिकट साका होतो, तोच बादलीच्या कडेला दिसतो. कपड्याच्या डिटर्जंटला हा त्रास फार कमी होतो.

पायरी ६ : आम्ल, आम्लारी आणि पंढरपूरचं कुंकू

नळाच्या तोटीवरच्या थरावर लिंबाची फोड चोळा किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस गुंडाळून ठेवा. बारीक बुडबुडे येतात आणि थर सुटतो. कार्बोनेट अधिक आम्ल, की कार्बन डायऑक्साइड बाहेर. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देतं, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते, दोन्ही भेटले की क्षार आणि पाणी होतं. हे उदासिनीकरण.

ओळखायचं कसं? चिमूटभर हळदीत चुन्याची निवळी घाला, लाल होते. हळद आणि चुना हाच पारंपरिक कुंकवाचा आधार, आणि आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर कुंकवासाठीच तर ओळखलं जातं. हळद हा आम्लारीचा चांगला दर्शक आहे. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा: आम्लात आणि साध्या पाण्यात ती पिवळीच राहते, म्हणून हळद पिवळी राहिली याचा अर्थ ‘आम्ल आहे’ असा लावू नका. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंग काढा. तो आम्लात गुलाबी-लाल आणि आम्लारीत हिरवट होतो. दोन दर्शक एकत्र वापरले की घरातली प्रयोगशाळा तयार.

किती आम्ल, किती आम्लारी, हे सामू, म्हणजे पीएच, सांगतो. डेन्मार्कच्या सोरेनसेनने १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ० ते १४. ७ उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये दहापट फरक, आणि परीक्षेत नेमकं हेच विचारतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलंय. त्याच मानकात एकूण दुष्फेनता लीटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते, असं आहे. तुमच्या बोअरच्या तपासणीचा कागद घरात असेल तर काढून वाचा. आता त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला कळेल.

साखर कारखान्यातही चुनाच येतो. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. तसाच तापवला तर साखर मोडते, म्हणून रसात चुना कालवून टाकतात. सामू वाढतो आणि रसातला बराचसा मळ साक्याबरोबर खाली बसतो.

एक सक्त सूचना. बाथरूम घासायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो जीवघेणा ठरतो. घरी प्रयोगाला लिंबू, व्हिनेगर, हळद, खाण्याचा सोडा एवढंच.

पायरी ७ : डाळिंबाची बाग आणि डाइंगची टाकी

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, आणि वर्गात बागायतदारांची मुलं असतातच. त्यांना बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, सांगावं लागत नाही. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लीटर पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. दोन्ही वेगवेगळे विरघळवून एकत्र करतात आणि फवारण्याआधी त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात.

हा तांबूस थर दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया आहे:

एफई + सीयूएसओ४ → एफईएसओ४ + सीयू

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढून त्याची जागा घेतं. चुना पुरेसा असेल तर तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्यात गेलेलं असतं आणि पातं स्वच्छ निघतं. मोकळं तांबं राहिलं तर पानं करपतात. मोरचूद लोखंडी ड्रममध्ये का कालवत नाहीत, तेही यावरून कळतं. धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ करण्याआधी ज्याच्या घरी बाग आहे त्याने वडिलांबरोबर हे पातं एकदा बघावं.

इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. वरच्या अभिक्रियेत लोहाने दिले, तांब्याने घेतले. दोन्ही एकाच वेळी होतात. याचं देखणं उदाहरण चादर-टॉवेलच्या सुतासाठी व्हॅट रंग वापरणाऱ्या डाइंगमध्ये दिसतं. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. टाकीत कॉस्टिक सोडा आणि हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालून त्याचं क्षपण करतात. तेव्हा तो विरघळतो आणि सुतात शिरतो. निळीचा रंग असेल तर टाकीतून वर काढलेली लडी आधी पिवळट-हिरवी असते, आणि हवेतला ऑक्सिजन लागताच बघता बघता निळी होते. ऑक्सिडीकरण झालं, रंग पुन्हा न विरघळणारा झाला, आणि तो धाग्याच्या आत असल्यामुळे धुण्याने निघत नाही. ज्यांच्या घरी कुणी डाइंगला कामाला आहे त्यांनी जरूर विचारावं. मात्र कॉस्टिकच्या टाकीजवळ मुलांनी जायचं नाही.

पायरी ८ : मोल, आणि एका बादलीचं गणित

अणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. एवढे कण मोजायचे असतील तर रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम तोला. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ गुणिले ३ म्हणजे ४८, बेरीज १००. कॅल्शियम कार्बोनेटचा एक मोल बरोबर १०० ग्रॅम भरतो. गणिताला याहून सोयीचा पदार्थ मिळणार नाही, म्हणून सुरुवात यानेच करा.

भट्टीचं समीकरण पुन्हा बघा. १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ५६ आणि ४४ मिळून १००, काहीही हरवलं नाही. मग २५ ग्रॅम चुनखडीतून किती वायू? पाव मोल, म्हणून ११ ग्रॅम.

आता बादलीचं. दुष्फेनता लीटरला ५०० मिलिग्रॅम आहे असं धरा. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात देतात. वीस लीटरच्या बादलीत १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल. सगळी दुष्फेनता कॅल्शियमची मानली तर त्या नितळ दिसणाऱ्या बादलीत ६.०२२ × १०²² कॅल्शियम आयन आहेत. हे गणित तुमच्या बोअरच्या खऱ्या आकड्याने करा आणि वहीत लिहा.

दहावीतल्या कार्बनी संयुगांच्या धड्यात कॅल्शियम सोडावा लागतो. तिथे कार्बनची संयुजा ४ आणि इलेक्ट्रॉन वाटून घेण्याची त्याची सवय, म्हणजे सहसंयुज बंध, यांपासून सुरुवात करा. पहिलं उदाहरण म्हणून मळीपासून होणारं इथेनॉल घ्या. किण्वनात ग्लुकोज, सी६एच१२ओ६, मोडून इथेनॉल, सी२एच५ओएच, आणि कार्बन डायऑक्साइड होतात. हे समीकरण तुम्हीच संतुलित करा: आधी कार्बन मोजा, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. दोन्ही उत्पादितांच्या पुढे २ आला तर बरोबर.